डोळ्यांचा कोरडेपणा किरकोळ नाही

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत डोळे कोरडे पडण्याला 'किरकोळ तक्रार' म्हटलं आहे आणि गुलाबपाण्याचे थेंब सुचवून विषय मिटवला आहे. बाजारातलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं. ते डोळ्यांत घालायला सांगताना लेखकाला काहीच कसं वाटलं नाही?

मी 31 वर्षं शिक्षिका होते. शेवटची दोन वर्षं वहीचं एक पान सलग तपासता येत नव्हतं. वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि घळाघळा पाणी यायचं. 'पाणी येतंय, मग कोरडे कसे?' असं घरचेच म्हणायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठीशिवाय थेंब दिले. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून तेच मी 8 महिने घातले. ते स्टिरॉइडचे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तोवर त्यांनी डोळ्यांतला दाब वाढला होता. माझ्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून पापणी न मिटता बघायला सांगितलं. अश्रूंचा थर 10 सेकंद तरी टिकायला हवा, माझा चौथ्याच सेकंदाला फाटला. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेल नीट येत नव्हतं, त्यामुळे अश्रू उडून जायचे. डोळा चुरचुरला की पाणी यायचं, पण ते टिकायचं नाही. हे इतकं सोपं कारण मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मग कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब, म्हणजे डोळा ओला ठेवणारे कृत्रिम अश्रू, सुरू झाले, चुरचुरायची वाट न बघता दिवसातून 4 वेळा. जोडीला पापण्यांना गरम पाण्याचा शेक. पुढे थेंब जास्त वेळा लागू लागले, तेव्हा परिरक्षक (औषध खराब होऊ न देणारं रसायन) नसलेल्या छोट्या कुप्या दिल्या, कारण बाटलीतल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकानेही डोळा चिडतो. कुप्या महाग पडतात, पण आता एसटीत खिडकीशी बसता येतं, पंख्याखाली झोप लागते, नातीला गोष्ट वाचून दाखवता येते. थेंब सुटले की आठवड्यात सगळं परत सुरू होतं. याला किरकोळ म्हणायचं?

आणखी एक. तुमच्या पुरवणीत गुलाबी पानावर करडी, बारीक अक्षरं असतात. धडधाकट डोळ्यांनाही ती शिणवतात. निदान आरोग्याचं पान तरी पांढऱ्यावर काळं छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर