लाल शाईची ओळ खोडून खाली सही करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तुमच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत तुम्ही सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) नातवाला घेऊन आलेल्या एका आजीला त्याच्या जुन्या पुरळाबद्दल विचारलंत, "सकाळी उठलेलं संध्याकाळी त्याच जागी होतं, की दुसरीकडे सरकलं?" आमचे आभार मुळात त्या एका प्रश्नाचे.

कारण औषधाच्या खऱ्या ॲलर्जीच्या गांधी बहुधा तासाभरात उठतात, खाजतात आणि एका जागी चोवीस तास टिकत नाहीत. या लेकराला दीड वर्षाचं असताना पेनिसिलीनच्याच गटातल्या अमॉक्सिसिलीनच्या पाचव्या दिवशी बारीक पुरळ आलं. खाज नाही, तीन दिवस जिथल्या तिथं, आणि पोरगं अंगणात खेळत होतं. विषाणूच्या तापातही अस्संच पुरळ येतं, नाव मात्र औषधाचं होतं. ॲलर्जीचा शिक्का बसलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना पेनिसिलीन व्यवस्थित चालतं, हे वाचलेलं सगळ्यांनीच असतं.

आधीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं 'पेनिसिलीन ॲलर्जी', लाल शाईत, दोनदा अधोरेखित. कोणतं औषध, कितवा दिवस, पुरळ कसं, काही नाही. सहीसुद्धा नाही. वर हातावर टेस्ट डोस टोचून आलेली लाली पुरावा म्हणून जोडलेली, जी नुसत्या टोचण्यानंही येते! आणि लेकरू सिकलसेलचं. त्याची पानथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते, न्युमोकोकस हा जिवाणू रक्तात शिरला तर काही तासांत खेळ आटोपतो. १९८६ च्या अभ्यासात रोजच्या पेनिसिलीननं असा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला होता. त्या एका ओळीनं ही गोळी अडीच वर्षं बंद राहिली. ताप आला की अझिथ्रोमायसिन, एकदा तर सल्फाची गोळी, तीही जी६पीडी (हे विकर कमी असेल तर अशा गोळीनं तांबड्या पेशी फुटू शकतात) न तपासता. ही उणीव आढळणाऱ्या आपल्या भागात!

तुम्ही सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जी दाबणारं औषध, सात दिवस आधी थांबवायला लावलंत. वजन १४ किलो. पाच मिलीत १२५ मिलीग्रॅमचं अमॉक्सिसिलीन सिरप आधी १ मिली, अर्ध्या तासानं ९ मिली, म्हणजे मिळून २५० मिलीग्रॅम. पुढचा तासभर लेकरू तुमच्या टेबलासमोरच. जोराची ॲलर्जी उठलीच तर म्हणून ॲड्रेनालिन ०.१४ मिली एक मिलीच्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये, मांडीच्या स्नायूत द्यायचं. त्याची गरज पडली नाही. उशिरा पुरळ आलं तर कळवा, हे आजीला दोनदा सांगितलंत. आता २५० मिलीग्रॅम पेनिसिलीन व्ही सकाळ-संध्याकाळ सुरू आहे, किमान पाच वर्षांचं होईपर्यंत.

बाजूच्या गावातल्या मुलीला मात्र तुम्ही तोच डोस दिला नाहीत, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. तिला औषध घेतल्यावर वीस मिनिटांत गांधी आणि उलट्या झाल्या होत्या. तिची चाचणी मोठ्या दवाखान्यात व्हावी म्हणून चिठ्ठी दिलीत आणि तोवर रोजच्या गोळीऐवजी एरिथ्रोमायसिन. सेफालेक्सिन टाळा, त्याच्या रेणूची बाजूची साखळी (ॲलर्जी ओळखते तो भाग) पेनिसिलीन गटातल्या ॲम्पिसिलीनसारखीच आहे, सेफिक्सिमची वेगळी, हेही त्याच चिठ्ठीत. अंगावर फोड, कातडी सुटणं, तोंड-डोळे सोलवटणं असं काही झालेल्या मुलाला तर पुन्हा तो डोस कधीच नाही, हे नर्सबाईंना बजावलंत. शिक्का दोघांवर एकच होता. तुम्ही दोघांची हकिगत वेगवेगळी ऐकलीत.

ॲलर्जी लिहायला कुणाला धीर लागत नाही, खोडायला लागतो. पुढे काही झालं तर खोडणाऱ्यालाच विचारणार, म्हणून लाल ओळी तशाच राहतात आणि लेकरं त्यांच्यासोबत मोठी होतात.

त्या खोडलेल्या ओळीखाली तुमची सही आहे, तारीख आहे, आणि '१ + ९ मिली, काही झालं नाही' एवढंच. आईनं तो केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सिकलसेलच्या कार्डाला टाचून ठेवलाय.

गावोगाव सिकलसेलची तपासणी करणारे आम्ही सगळे