प्रा. इस्रायल कर्झनर यांना खुलं आभारपत्र

आदरणीय कर्झनर सर,

पूर्ण स्पर्धेचं प्रकरण शिकवताना मला एक प्रश्न नेहमी अडवायचा. इथे प्रत्येक विक्रेता बाजारातली किंमत आहे तशी स्वीकारणारा, मग किंमत बदलतो कोण? मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथे छेदतात तिथवर बाजार पोहोचतो कसा? पाठ्यपुस्तकं समतोलाच्या बिंदूवरच सुरू होतात. तुमचं १९७३ सालचं 'कॉम्पिटिशन अँड आंत्रप्रन्युअरशिप' वाचलं आणि वाट मोकळी झाली. हे आभार त्याचे.

तुमच्या सिद्धांतातल्या उद्योजकाकडे पैसा असायलाच हवा असं नाही. तीच वस्तू एकीकडे स्वस्त आणि दुसरीकडे महाग विकली जातेय, हे त्याला इतरांआधी दिसतं. तो खरेदी-विक्रीला उतरतो आणि तफावत मिटू लागते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर यांचा उद्योजक समतोल मोडतो, तुमचा बाजाराला समतोलाकडे नेतो.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तुम्ही केलेला अज्ञानातला भेद. अमुक माहिती आपल्याकडे नाही हे ठाऊक असलं, की माणूस खर्चाचा हिशेब मांडून ती शोधू शकतो. आपल्याला काय माहीत नाही याचाच पत्ता नसेल, तर तो शोधायला निघणार कशाला? ते ध्यानातच यावं लागतं, आणि नफ्याची शक्यता माणसाला सावध ठेवते. सरकारी नियंत्रणांची खरी किंमत मोजणं इतकं अवघड का, हेही मला इथेच उमगलं. जो शोध लागलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत असणार?

तुमच्या कारकिर्दीबद्दलही कृतज्ञता आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात तुम्ही ऑस्ट्रियन संप्रदायाचे अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांचे विद्यार्थी झालात. तिथे त्यांचा पगार विद्यापीठ नव्हे, बाहेरचे देणगीदार देत. करिअरचा विचार करून त्यांनीच तुम्हाला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ माखलुप यांच्याकडे जायला सुचवलं होतं. तुम्ही राहिलात. १९५७ मध्ये डॉक्टरेट मिळवून पुढे त्याच विद्यापीठात शिकवलंत, तेही ऑस्ट्रियन संप्रदाय, म्हणजे बाजाराकडे सतत चालणारी प्रक्रिया म्हणून पाहणारी अर्थशास्त्रातली परंपरा, आर्थिक विचारांच्या इतिहासात जमा झाल्यासारखा असताना. १९७४ च्या जूनमध्ये व्हरमाँटमधल्या साउथ रॉयल्टन इथे तुम्ही आणि त्याच संप्रदायाचे मरे रॉथबार्ड व लुडविग लाखमान यांनी तरुण अभ्यासकांपुढे व्याख्यानं दिलीत. याच संप्रदायाचे फ्रीडरिश हायेक यांना नोबेल जाहीर झालं ते त्यानंतर काही महिन्यांनी.

आणि लाखमान! बाजार समतोलाकडे सरकतो हे तुमचं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. भविष्य अज्ञात आहे, मग अपेक्षा जुळणार कशा, हा त्यांचा आक्षेप साधा नव्हता. मला तो आजही पुरता सुटलेला वाटत नाही. तरीही न्यूयॉर्क विद्यापीठातल्या तुमच्या अभ्यास-कार्यक्रमात त्यांना वर्षानुवर्षे मानाचं स्थान होतं. आपल्याच सिद्धांताच्या मुळावर बोट ठेवणारा माणूस विद्यार्थ्यांसमोर बसवायला मोठं मन लागतं. त्या वादामुळेच तुमचे विद्यार्थी नुसते अनुयायी न राहता अभ्यासक झाले, असं मला वाटतं.

आता मी पूर्ण स्पर्धेआधी एक तास तुमच्या उद्योजकाला देतो. मुलं प्रश्न विचारतात, लाखमान यांच्या बाजूनेही भांडतात. त्या तासासाठी मनापासून आभार.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक