मुआंग न्गोईच्या मावशी आणि बोटवाले दादा, खूप खूप आभार

नावं विचारायची राहूनच गेली म्हणून इथे लिहितोय. लाओसमध्ये नोंग ख्यावहून नाम ऊ नदीतून बोटीने तासाभरात मुआंग न्गोईला पोचलो, तर उतरेपर्यंत हिला सणकून ताप, आम्हाला भाषा येत नाही, काय करावं सुचेना. गेस्टहाऊसच्या मावशींनी काही न विचारता स्वतःची मच्छरदाणी आणून बांधली, रात्री दोनदा उठून कपाळावरच्या पट्ट्या बदलल्या आणि सकाळी बांबूच्या टोपलीतला चिकट भात हाताने वळून हिला भरवला, अगदी आपली आजी भरवते तसा. परतताना बोटवाल्या दादांनी हिला आडवं होता यावं म्हणून फळ्यांवर पोती अंथरली, वर जास्तीचे पैसे घेईनातच! मावशी, ही आता ठणठणीत आहे. खोप चाय लाय लाय (लाओ भाषेत 'खूप खूप आभार').