चौथ्या ग्रीनवरचं ऊन

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुम्ही जे शिकवलं ते माझ्यापुरतं ठेवणं मला बरं वाटत नाही.

आमच्या वसाहतीच्या नऊ होलच्या गोल्फ मैदानात चौथं ग्रीन, म्हणजे चौथ्या होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, चिंचेच्या ओळीला लागून आहे. गेल्या हिवाळ्यात तिथलं गवत विरळ झालं, खाली शेवाळ धरलं. मी रोज संध्याकाळी पाणी दिलं, युरिया वाढवला. गवत आणखीच लेचंपेचं झालं. ग्रीनवरचं बर्म्युडा गवत म्हणजे शेवटी आपली हरळीच. वावरात पऱ्हाटीतून खुरपून खुरपून न हटणारी हरळी इथे जगेना, याचं फार वाईट वाटायचं.

तुम्ही निवृत्त, तरी पदरचं तिकीट काढून एसटीनं आलात. पहिलंच वाक्य अजून कानात आहे: "बापू, धुऱ्यावरच्या निंबाखाली कधी दाट हरळी पायली का? तिले पाणी नाही, ऊन पायजे."

मग सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला सावलीच्या कडेनं चुना टाकत फिरलात. ग्रीनच्या बऱ्याच भागाला चार तासही ऊन मिळत नव्हतं. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी पडते. मेच्या शेवटी तीच बुंध्याशी येते. उन्हाळ्यात धडधाकट दिसणारं ग्रीन हिवाळ्यात का खंगतं, ते त्या चुन्याच्या रेषांनी दाखवलं.

चिंचा तोडायला तुम्ही साफ नकार दिलात, त्याचे वेगळे आभार. पूर्वेकडच्या खालच्या फांद्या तेवढ्या काढल्या; सकाळचं ऊन दव वाळवतं, आणि ओल्या पात्यावरच बुरशी धरते. ग्रीनच्या कडेनं, बुंध्यापासून लांब, चर खणून आत शिरलेली मुळं तोडली. युरिया थांबवला, पाणी सकाळी आणि गरजेपुरतंच. कटाई 3 मिलिमीटरवरून 5 वर नेली, कारण सावलीतल्या पात्याला ऊन टिपायला जास्त अंग लागतं. चेंडू हळू जातो अशी कुरकुर झाली, तेव्हा खेळणाऱ्यांना तुम्हीच समजावलंत.

आता गवत भरलं आहे. दक्षिणेचा कोपरा मात्र तुम्ही म्हणाला होतात तसा विरळच राहिला. तो ग्रीनमधून काढून तिथे सावली सोसणारं गवत लावतो आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. घरची तूर निघाली की डाळ घेऊन मीच येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
चौथ्या ग्रीनचा माळी