काका, त्या छोट्या फाइलसाठी

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंडावर ‘थँक्यू’ म्हटलं की तुम्ही ‘बरं बरं, चहा टाक’ म्हणून विषय मोडता, म्हणून हे लिहून कळवते आहे आणि तेही चारचौघांत. चारचौघांत लिहायला आणखी एक कारण आहे. जुन्या कॉम्प्युटरांवर मुलांना पायथॉन शिकवणारी वडोदऱ्यात मी एकटी नाही. तुम्ही आमच्या विममध्ये, म्हणजे आम्ही कोड लिहायला वापरतो त्या एडिटरमध्ये, नेमकं काय केलंत ते इतरांनाही कळावं, ही त्यामागची लबाडी.

आमची मशीन तुम्हाला माहीतच आहेत. कुठल्याशा ऑफिसातून निघालेली, दोन-दोन जीबी रॅमची. हल्लीचे मोठे एडिटर त्यांच्यावर उघडेपर्यंत मुलं खिडकीतून दांडिया बाजारातली रहदारी बघायला लागतात. म्हणून लिनक्स आणि विम. पण तो विम पायथॉनसाठी म्हणून काहीच करत नव्हता. रंग नाहीत. कोलन देऊन एंटर मारलं की कर्सर सरळ डाव्या कडेला. मुलं स्पेसबार बडवत चार मोजायची आणि तीनवरच थांबायची. ज्या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावरच प्रोग्रॅमचा अर्थ ठरतो, तिथे हे म्हणजे रोजचंच रडगाणं.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं होतं, आता प्लगइनांची, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांची, पोतडी उघडणार. एका मुलाने पेनड्राइव्हवर तशी भलीमोठी यादी आणलीही होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि दोनच प्रश्न विचारलेत. ‘हा विम कुठला?’ आणि ‘याची विमआरसी, म्हणजे सेटिंगांची फाइल, कुणी लिहिली?’

पहिल्या प्रश्नातच अर्ध्या मशीनांचा निकाल लागला. उबुंटू-डेबियनवर आधीपासून असतो तो ‘विम-टायनी’. त्यात विमची स्क्रिप्ट चालवायची सोयच नसते, मग पायथॉनचे रंग आणि इंडेंट, म्हणजे ओळ आपोआप आत सरकणं, येणार कुठून? तुम्ही पूर्ण विम बसवलात. उरलेल्या मशीनांवर पूर्ण विम होता, पण कुणीतरी ओळींचे आकडे दिसावेत म्हणून एका ओळीची विमआरसी करून ठेवली होती. विम ८ पासून असं आहे की तुमची स्वतःची विमआरसी नसेल तर तो आपली डिफॉल्ट्सची फाइल वाचतो. ती असेल, मग एका ओळीची का असेना, तर डिफॉल्ट्स बाजूला राहतात. तुम्ही दोन ओळी घातल्यात, ‘सिंटॅक्स ऑन’ आणि ‘फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन’, आणि खोलीभर रंग आले. टॅबऐवजी स्पेस, चाराचं इंडेंट, एका फंक्शनवरून पुढच्या फंक्शनवर उडी मारायची सोय, हे सगळं विमबरोबर येणाऱ्या पायथॉनच्या फाइलीत आधीपासून होतं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही नवीन असं फारसं काही केलंच नाहीत, आणि ते तुम्ही मुलांना स्पष्ट सांगितलंत. मला ते फार आवडलं. मदत करणारा माणूस सहसा आपण काय आणलं ते दाखवतो. तुम्ही आमच्याकडे काय होतं ते दाखवलंत.

खरं काम त्यानंतरचं. मुलं फाइल घरी न्यायची, विंडोजच्या नोटपॅडमध्ये टॅब मारून दोन ओळी वाढवायची आणि परत आणायची. स्क्रीनवर सगळं एका रेषेत दिसायचं आणि पायथॉन टॅबएरर द्यायचा. पायथॉन २ टॅब म्हणजे आठ घरं धरून पुढे जायचा, ३ टॅब-स्पेसच्या असल्या भेसळीला हरकत घेतो, हे तुमच्याकडूनच कळलं. तुमचा उपाय साधा होता: टॅब दिसलाच पाहिजे. ‘लिस्ट’ आणि ‘लिस्टचार्स’ लावून टॅबच्या जागी बाण आणि ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेसच्या जागी ठिपका. आता मुलं स्वतःच म्हणतात, ‘बाई, घरून बाण आलेत.’ बाण घालवायला ‘रीटॅब’ शिकवलंत, पण हेही बजावलंत की ही कमांड स्ट्रिंगच्या आतले टॅबही बदलते. हा इशारा विमच्या मदतीतही आहे म्हणे. तिथपर्यंत जाऊन वाचतं कोण?

कंसाचं प्रकरण मात्र मला सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्यावरून वर्गात चांगलं भांडण झालं होतं. चौकोनी कंस उघडून एंटर मारलं की विम पुढची ओळ चार नाही, आठ घरं आत न्यायचा. मुलांना वाटलं बिघाड आहे. मलाही तसंच वाटलं असतं. तुम्ही पेप ८, म्हणजे पायथॉन कसं लिहावं याचे संकेत, उघडलंत. फंक्शनच्या व्याख्येत कंसातली ओळ चारच आत घेतली तर ती आणि तिच्याखालचं फंक्शनचं अंग एकाच रेषेत येतं, डोळ्याला वेगळं कळत नाही. म्हणून तिथे जास्त आत घ्यायला सांगितलंय, आणि विमचा आठाचा हिशेब त्याला धरूनच आहे. मग तुम्ही विचारलंत, ‘आपण इथे काय जास्त लिहितो? लांबलचक व्याख्या की याद्या?’ याद्या आणि डिक्शनरी, अर्थात. मग ‘पायथॉन_इंडेंट’ या सेटिंगमध्ये उघड्या कंसासाठी एकच पायरी ठेवलीत आणि बंद होणारा कंस मूळ ओळीच्या रेषेत आणलात. फाइलीत त्या ओळीवर तुमची मराठी टीप आहे: ‘मूळ आठ होतं, सकारण होतं. आपल्या याद्यांसाठी चार केलं. लांब व्याख्या लिहायला लागाल तेव्हा ही ओळ पुसा.’

काका, माझे आभार खरं तर या टिपांसाठी आहेत. तुमच्या फाइलीत टिपेशिवाय एकही ओळ नाही. का घातली, न घातल्यास काय होईल, कधी काढून टाकावी. आणि ती फाइल विमच्या मूळ फाइलींना हात न लावता ‘आफ्टर’ फोल्डरातल्या ‘एफटीप्लगइन’मध्ये ठेवलीत. मूळची वाचून झाल्यावर आपली वाचली जाते, आणि विम अपडेट झाला तरी आपली शाबूत राहते. कारखान्यात युनिक्सवर विमचा पूर्वज व्हीआय वापरत आयुष्य काढलेल्या माणसाची ही शिस्त. तुमच्यानंतर त्या मशीनवर बसणाऱ्याचा विचार तुम्ही आधी करता.

चुका शोधण्यासाठी विमच्या ‘मेक’ कमांडला पायफ्लेक्स हे तपासनीस जोडून दिलंत तेही फार उपयोगी पडलं. तो आपला प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचतो, आणि कुठलं नाव न ठरवताच वापरलंय, काय इम्पोर्ट करून वाया गेलंय तेवढं सांगतो. स्पेस कुठे कमी पडली असल्या शिष्टाचाराच्या तक्रारी करत नाही. नवशिक्या मुलांना एवढंच पुरे. नावावर कर्सर ठेवून मोठा ‘के’ दाबला की पायडॉक या पायथॉनच्या मदतीतली माहिती इंटरनेटशिवाय उघडते, हे कळल्यापासून मला विचारायला येणारी रांग कमी झाली. (थोडं वाईटही वाटतं.)

आता देवनागरी. इथे तुम्ही जे केलंत ते मला कुठेही तयार मिळालं नसतं. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्या गावातली ही मुलं. म्हणून त्यांचं प्रोजेक्टही एका छोट्या मराठी वाचनालयाच्या सूचीचं. मराठी पुस्तकांची नावं कोडमध्ये शिरली आणि कर्सर बावचळला. पायफ्लेक्स चूक दाखवायचा एकीकडे, विम जाऊन उभा राहायचा पुस्तकाच्या नावात. तुम्ही एक दुपार खर्चून त्याचा छडा लावलात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन-तीन बाइटांचं. वाक्यरचनेची चूक सांगताना पायथॉन चिन्हं मोजतो, विम मात्र त्या आकड्याला बाइट समजतो. इंग्रजीत दोन्ही सारखंच असल्यामुळे कुणाला टोचत नाही. उलट न ठरवलेल्या नावाची तक्रार असली तर तिथला आकडा बाइटांतच येतो आणि कर्सर बरोबर बसतो. कधी खरं, कधी खोटं, त्यामुळे तर जास्तच गोंधळ. चुकांचे संदेश विमने कसे वाचायचे ते ठरवणाऱ्या ‘एररफॉरमॅट’मधून तुम्ही ओळीतल्या जागेचा आकडाच काढून टाकलात. ‘ओळ बरोबर सांगतोय ना? ओळीत चूक शोधायला डोळे आहेत.’ विषय संपला.

व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवायची मुलांना भारी हौस. पायथॉन ३ मध्ये ते चालतं. पण एकीचं ‘साऱ्या_नोंदी’ चालायचं आणि तिच्या शेजारणीचं हुबेहूब तेच नाव सिंटॅक्स एरर द्यायचं, न दिसणारं चिन्ह आहे म्हणून. तुम्ही दोन्ही नावं फोडून दाखवलीत. आपला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त लावायचा. नाहीतर साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, युनिकोड २००डी. पायथॉनला नावात ते जोडचिन्ह चालत नाही. स्ट्रिंगमध्ये चालतं, आणि ते तर जास्त वाईट, कारण तिथे एरर येत नाही, शोध चुपचाप चुकतो. सूचीत ‘वऱ्हाड’ शोधलं की निम्मीच पुस्तकं का सापडतात, ते त्या दुपारी उमगलं.

तुम्ही तुमच्या फाइलीत आणखी एक ओळ घातलीत: असलं अदृश्य चिन्ह जिथे असेल तिथे लाल. शेजारच्या पोळातून येणारा आमचा गुजराती विद्यार्थी ओरडला होता, ‘काका, आ बधुं लाल केम थई गयुं?’ सूचीच्या फाइलीत गोवर उठल्यासारखे ठिपके होते. मग मुलांनीच पाच-सहा ओळींचं फंक्शन लिहिलं, र-हलन्त-जोडचिन्ह दिसलं की त्या जागी ऱ-हलन्त घालणारं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) ते जोडचिन्ह काढत नाही, हे तुम्ही आधी करून दाखवलंत म्हणून मुलांचा वेळ वाचला.

एक गोष्ट सुटली नाही आणि तुम्ही ती सुटली असं भासवलंही नाहीत. टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हाला मोजून घर मिळतं, आपली जोडाक्षरं त्या घरांत नीट बसत नाहीत आणि कर्सर दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. ‘हे विमच्या सेटिंगने होणार नाही,’ म्हणालात. त्यापेक्षा मराठी मजकूर कोडमधून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवा आणि उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ म्हणून सांगा, म्हणजे विंडोजवरही घोटाळा नको. आमचा प्रोग्रॅम त्यामुळे आपोआप सुटसुटीत झाला.

लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला भाषेची माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम, का नको म्हणालात, तेही इतरांसाठी लिहून ठेवते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये त्यासाठीचा प्रोटोकॉल जाहीर केल्यापासून एडिटरागणिक भाषेची जुळणी नव्याने करायची गरज संपली, एका भाषेचा एक सर्व्हर सगळ्यांना चालतो, हे तुम्ही कौतुकाने सांगितलंत. माझ्या लॅपटॉपवर बसवूनही दिलात. पण मुलांच्या मशीनांवर तो सतत मेमरी खात बसेल, आणि प्रत्येक नाव आपोआप पुरं होऊन आलं तर त्यांना ते लिहिता कधी येणार, हा तुमचा प्रश्न होता. पहिल्या कारणाशी मी सहमत आहे. दुसऱ्यावरून आपला वाद चालू आहे, तो चालू राहू दे.

मुलांच्या लक्षात मात्र यातलं काहीच नाही, युगांडा आहे! विम नुसताच उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं लिहून येतं, त्याचं त्यांना कोडं होतं. ब्राम मोलेनार नावाच्या डच माणसाने १९९१ मध्ये विम लोकांसमोर आणला, पैसे न मागता तिथल्या मुलांसाठी मदत मागितली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खोली गप्प होती. पायथॉनही १९९१ चाच आणि तोही एका डच माणसाचाच, यावर मात्र लगेच गलका झाला.

आता कामाचं. मांजलपूरला वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी तुमची फाइल मागितली आहे. विमच्या फाइलींत सुरुवातीला देखभाल करणाऱ्याचं नाव असतं, हे तुम्हीच मुलांना दाखवलं होतंत, त्यामुळे त्यांनी आपल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ‘देखभाल: काका’ असं परस्पर लिहून टाकलंय. मी ते पुसणार नाही. शनिवारी याल तेव्हा त्या बाईंचे प्रश्नही घेऊन बसते, लिलो चिवडो आणलेला असेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
पायथॉनच्या वर्गाची बाई
दांडिया बाजार, वडोदरा