इंडेक्स बांधणीची दिशाभूल करणारी टक्केवारी : तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमचा कॅसँड्रा ५.० या डेटाबेसचा ६ नोडचा (म्हणजे सहा सर्व्हरचा) क्लस्टर तुमच्याकडे भाड्याने आहे, प्रत्येक नोंदीच्या ३ प्रती वेगवेगळ्या नोडवर. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या कोल्ड स्टोरेज पावत्या त्यात गोदामवार ठेवल्या आहेत. ‘राजापुरी, ओलावा १० टक्क्यांच्या आत’ असा शोध घेता यावा म्हणून वाण आणि ओलावा या कॉलमवर एसएआय (कॅसँड्रातला शोधसूचीचा प्रकार) इंडेक्स टाकले. टाकताक्षणी तुमच्या कन्सोलवर, म्हणजे देखरेखीच्या पानावर, हिरवी खूण उमटली. शोध मात्र काही गोदामांपुरताच चालतो; बाकीच्यांना ‘इंडेक्स उपलब्ध नाही’ हे उत्तर, तेही सौदे सुरू असताना.

‘क्रिएट इंडेक्स’ या आज्ञेने स्कीमात, म्हणजे डेटाबेसच्या आराखड्यात, नोंद पडते, एवढंच. बांधणी त्यानंतर मागे चालते आणि प्रत्येक नोड आपापल्या एसएसटेबलवर (डिस्कवरच्या डेटा फाइलींवर) ती स्वतंत्रपणे करतो. तुमचा कन्सोल स्कीमा वाचून मोकळा होतो. पावती फाडली म्हणजे पोती थप्पीला लागली, असला हा हिशेब.

कन्सोलच्या पुढच्या पानावर बांधणी ‘६७ टक्के’ दिसते, ती सहा नोडची सरासरी. सहाही नोड ६७ वर असतील तर एकही शोध चालणार नाही, कारण बांधणी पुरी झाल्याशिवाय नोड त्या इंडेक्सवरून उत्तरच देत नाही. चार नोड पूर्ण आणि दोन शून्यावर असले तरी आकडा ६७च. तेव्हा ज्या गोदामाच्या दोन प्रती त्या अडकलेल्या नोडवर आहेत, तेवढ्याच शोधांचा कोरम (तीनपैकी किमान दोन प्रतींचं उत्तर) जमत नाही. आमची लक्षणं या दुसऱ्या प्रकारची आहेत.

‘कॉम्पॅक्शनस्टॅट्समधली (नोडवर चालू कामं दाखवणाऱ्या यादीतली) ओळ गेली म्हणजे काम झालं’ हे तुमच्या मदतकक्षाचं उत्तर चुकीचं आहे. बांधणी मध्येच फसली तरी ती ओळ जाते. खरी खूण ‘सिस्टिम व्ह्यूज’मधल्या ‘एसएआय कॉलम इंडेक्सेस’ या व्हर्च्युअल टेबलात ‘इज क्वेरीएबल’ (शोधासाठी तयार आहे का) याच्यापुढे असते. हे टेबल फक्त जोडलेल्या नोडपुरतं बोलतं, आणि तुम्ही आम्हाला लोड बॅलन्सरचा (विनंत्या कुठल्याही नोडकडे वाटणाऱ्या यंत्रणेचा) एकच पत्ता दिला आहे. सहा वेळा विचारलं, दोनदा ‘फॉल्स’ (नाही) आलं. ते दोन वेगळे नोड की एकच दोनदा, कसं कळावं?

तेव्हा सहाही नोडवर थेट, फक्त वाचनापुरता प्रवेश द्या. कन्सोलवर नोडवार ओळ हवी : किती बाइट झाले, एकूण किती, आकडा शेवटचा कधी हलला. अडकलेल्या नोडवर ‘रीबिल्ड इंडेक्स’ (फेरबांधणीची आज्ञा) चालवण्याआधी लॉग आणि मोकळी डिस्क बघा. जागा संपली असेल तर पुन्हा तिथेच अडकेल. फेरबांधणी अडकलेल्या नोडवरच करा, चांगल्या नोडला हात लावू नका, नाहीतर चालू गोदामंही बंद पडतील.

हिरवी खूण उमटल्यापासून इंडेक्स खरोखर वापरता येईपर्यंतच्या दिवसांचं भाडं पुढच्या बिलातून वजा करावं.

आपले ग्राहक,
तांत्रिक विभाग, सांगली