कर्जाचा कागद मराठीत द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आत्याने पिठाच्या गिरणीसाठी एका फायनान्स कंपनीकडून 1 लाखाचं कर्ज घेतलं. व्याज 12 टक्के, 24 हप्ते, हप्ता 5,167 रुपये असं तोंडी सांगितलं, आणि खात्यात आले 93 हजार. बाकीचे कुठे गेले विचारलं तर प्रोसेसिंग फी आणि विमा. विमा तिने मागितलाच नव्हता. कंपनीचा पोरगा मोबाईल हातात धरून म्हणाला, मावशी ओटीपी आला की आकडा सांगा, आणि तिने सांगितला, झालं कर्ज.

आता हा 12 टक्के म्हणजे फ्लॅट रेट, म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत गेलं तरी व्याज पूर्ण 1 लाखावरच लावायचं. मी हिशोब करून बघितला तर हातात आलेल्या 93 हजारांवर हा दर वर्षाला जवळपास 29 टक्के पडतो!

खरं तर रिझर्व्ह बँकेने यावरच नियम केलाय. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या रिटेल आणि छोट्या व्यवसायांच्या कर्जांना केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती) नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात फी आणि विमा धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, आणि जो चार्ज त्यात नाही तो ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे (सात दिवसांपेक्षा कमी मुदतीचं कर्ज असेल तर एक). आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवा आणि तो समजावून सांगायला हवा. आत्याला मात्र इंग्रजी पीडीएफ आली, तीही पैसे जमा झाल्यावर. 29 चा आकडा त्यात होता हो, पण चौथी शिकलेल्या बाईने तो कसा शोधायचा?

माझी कळकळीची विनंती आहे की बँका आणि फायनान्सवाल्यांनी हा कागद मराठीत छापून सहीच्या आधी हातात द्यावा, घरी नेऊ द्यावा. रिझर्व्ह बँकेनेही गावोगावच्या शाखांत जाऊन तपासावं. आणि वाचकांनो, तुमचंही असं झालं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी 14448 वर फोन करता येतो.

आत्याची लेखी तक्रार मी परवाच देऊन आलोय, पोच घेतलीय.

आपला,
एक वाचक, बार्शी